कातळावरचं कुंकू

आमच्या घरात एक गोष्ट गेली कित्येक वर्षं हसत सांगितली जाते. आजी अमेरिकेत गेली आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कातळाला कुंकू लावून आली. मुलगा सांगतो, नात सांगते, पाहुणे हसतात. ती आजी म्हणजे माझी बायको; होती तोवर तीही हसायची. मीही हसायचो. ते कुंकू तिने लावलं नव्हतं. मी लावलं होतं.

२००४ साली आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत, पार्सिपनीला सहा महिने राहिलो. ऑक्टोबरात त्याने रजा काढली आणि आम्हाला नि सहा वर्षांच्या नातीला युटामधल्या एका उद्यानात नेलं. तांबड्या कड्यांखालून पायवाट जात होती. कड्यांवर तिथल्या मूळ लोकांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं होती. मेंढ्या, हाताचे पंजे, रुंद खांद्यांची माणसं. वाटेवर पाटी होती. मातीवरची काळी खपली जिवंत आहे, तीच वाळू धरून ठेवते, पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात, तेव्हा वाट सोडू नका. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. या खपलीत शेवाळ असतं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद असतात, असं मी मुलाला तिथल्या तिथे समजावूनही सांगितलं.

नातीला बाथरूमला जायचं होतं. मुलगा आणि ही तिला घेऊन पार्किंगकडे परत गेले. हिची पर्स माझ्याकडे राहिली.

मला एका माणसाच्या आकृतीचा फोटो हवा होता. पण दुपारचं ऊन थेट कातळावर पडलेलं, कॅमेऱ्यातून रेषा दिसेनात. गावाकडे वीरगळांचे फोटो काढताना आम्ही शिक्षक रेषांत खडू भरायचो, म्हणजे कोरीवकाम उठून दिसायचं. इथे खडू नव्हता. हिच्या पर्समध्ये कुंकवाची डबी होती. मी वाट सोडून कातळापाशी गेलो, बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि बोटाने ती आकृती डोक्यापासून पायापर्यंत भरली. मग मागे येऊन फोटो काढला.

ही सगळ्यांच्या आधी परत आली. तिने कातळ पाहिला, माझं बोट पाहिलं.

“अहो, काय केलंत हे? दुसऱ्याचे देव आहेत ते.”

मी म्हणालो, देव कसले, चित्रं आहेत. तिने माझ्या हातातून डबी काढून घेतली आणि आपल्या रुमालाने माझं बोट पुसायला लागली. पुसून झालं आणि वळणावरून मुलगा, नात आणि उद्यानाची रेंजर एकदमच आले. डबी हिच्या हातात, लाल रुमाल हिच्या हातात.

“आई, तू? सिरियसली?” मुलगा म्हणाला.

हिच्या उपासांची, देवदेवस्कीची मी त्याच्यासमोर जन्मभर टिंगल केली होती. त्यामुळे त्याला शंकासुद्धा आली नाही. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. मी कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिलो. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “यस. आय. सॉरी.”

रेंजर तिथल्या मूळ लोकांपैकीच होती, पन्नाशीची. ती खाली वाकली. काळ्या खपलीत कातळापर्यंत जाणारी आणि परत येणारी पावलं उमटली होती. मोठ्या पुरुषी बुटांची. तिने माझे बूट पाहिले, साडीखालचे हिचे लहानसे कॅनव्हासचे बूट पाहिले, आणि हिला पुन्हा सावकाश विचारलं, नक्की तुम्हीच? ही पुन्हा यस म्हणाली. रेंजरने फॉर्म भरला. हिने खाली मराठीत सही केली.

मुलाने विचारलं, आम्ही धुऊन देऊ का? रेंजर म्हणाली, घासलं तर कातळाची वरची काळपट साल निघेल आणि तिच्याबरोबर चित्रही जाईल. मग ती हिच्याशी बोलली, पण बघत माझ्याकडे होती.

“हे आमचे थोरले आहेत. माझी आजी जन्मभर इथे येत होती. तिने कधी त्यांना हात लावला नाही.”

मुलाने ते मराठीत सांगितल्यावर हिने कातळाकडे वळून, वाटेवरूनच, हात जोडले.

गाडीत हिने मला एकच विचारलं, “निघेल का हो ते कुंकू?” मी म्हटलं, पावसाने जाईल. तिथे पाऊस किती कमी पडतो हे मला माहीत होतं. पुढे शेवटच्या आजारपणातही तिने हे एकदा विचारलं. निघालं असेल, म्हणालो.

फोटो फार चांगला आला होता. तो मी कुणाला दाखवला नाही.

नात आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात तिने फोन केला. आजीवर काहीतरी लिहायचं होतं तिला, भाबडी श्रद्धा आणि परका देश, असं काही. आजी कुंकू लावताना काय पुटपुटत होती, असं तिने विचारलं. तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. मग उद्यानाला पत्र लिहिलं, त्या फॉर्मवरचं नाव बदलून माझं घाला म्हणून, सोबत फोटो जोडला, आणि पत्ता शोधून तेवढं पोस्टात टाक म्हणून तिच्याकडे पाठवलं.

पत्र वाचून तिचा फोन आला. ती इंग्रजीत म्हणाली, “आबा, आपण सगळे ती गोष्ट सांगायचो तेव्हा आजी हसायची ना?”

हो, म्हणालो.

“तुमच्याकडे बघून?”

ही हसायची तेव्हा मी हिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.