दिलीपचं बर्फातलं घर

रविवार नव्हता, तरीही परदेशी फोनची ती लांबलचक रिंग वाजली. मी कोर्टात कामावर निघाले होते, एक पाय चपलेत होता. पलीकडे युको, दिलीपची बायको. एरवी ती "नमस्ते सुमनताई" एवढं मराठी म्हणून लगेच दिलीपच्या हातात रिसीव्हर द्यायची. त्या दिवशी ती इंग्रजीतच बोलली, सावकाश. छपरावरचा बर्फ काढायला दिलीप वर चढला होता. तिथून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत... तिनं वाक्य पुरं केलं, मला मात्र पुढचं ऐकूच आलं नाही. "आईंना तुम्ही सांगा," एवढं शेवटी कानावर आलं. मी चप्पल काढली आणि मागच्या दारानं केळीतून काकीकडे, दिलीपच्या आईकडे, गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघून तिनं सूप खाली ठेवलं. मग मला फार बोलावं लागलं नाही.

आमची घरं नंदाखालजवळ, एकाच वाडीत, मध्ये कुंपण आपलं नावालाच. दिलीप आणि मी एका वर्गातले. अभ्यासात तो माझ्या वहीवरून पुढे गेला, हे मी त्याला शेवटपर्यंत ऐकवत असे आणि तोही ते मुकाट्यानं मान्य करी. यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली, कंपनीनं शिकायला जपानला पाठवलं, आणि हा पठ्ठ्या तिथेच लग्न करून राहिला. वडील आधीच गेलेले. काकी एकटी. तेव्हा वाडीत फोन आमच्याकडेच, त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी काकी नवं पातळ नेसून आमच्या खुर्चीत येऊन बसायची. पुढे तिच्या घरी फोन आला, तरी दिलीप रविवारी आमच्याच नंबरवर करायचा. काकीला त्या खुर्चीत बसल्याशिवाय बोलता यायचं नाही. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्यानं बोलायची, आणि तो तिकडून ओरडायचा. त्यामुळे मायलेकाचं सगळं बोलणं मला स्वयंपाकघरात बसून ऐकू येई. त्याच्या त्या घराची हकिकत मला कळली ती अशी.

घर डोंगरातलं, एका खेड्यात. तरुण माणसं शहरात निघून गेलेली, घरं ओस पडलेली. त्यातलं एक यानं घेतलं. सगळं लाकडाचं, खिळ्यांऐवजी तुळया दोरानं बांधलेल्या, पूर्वी घरात मधोमध चूल पेटायची तिच्या धुरानं आढं काळंभोर झालेलं. भिंतींऐवजी कागदाची सरकती दारं. "आई, उन्हाळ्यासाठी बांधलंय गं हे," तो सांगायचा. "थंडीत आत बसलं तरी श्वासाची वाफ दिसते." घर घेतलं तेव्हाच त्यानं ठरवलं होतं की आईला तिथे न्यायचं. काकीला दमा. ती म्हणाली होती, "घर गरम कर, मग येते." झालं, तेवढ्या एका वाक्यावर या माणसानं वर्षानुवर्षं काढली. चटया उचलून जमिनीखाली गवताचे आणि लोकरीचे थर भरले, कागदी दारांच्या आत काचेची दारं बसवली, पोटमाळा बुजवला, आणि मुख्य म्हणजे एक मोठी लोखंडी शेगडी आणली, लाकडावर चालणारी, धुराडं थेट छपरातून बाहेर. सुट्टी मिळाली की हातात करवत. युको बिचारी त्याच्याबरोबर फळ्या धरून उभी.

पहिल्या हिवाळ्याआधी त्यानं काकीला विचारलं होतं, लाकूड कसं ठेवू? काकीचं माहेर चांदीपचं, भातशेतीचं घर. पावसाळ्याची बेगमी तिच्या हाडात मुरलेली. तिनं सांगितलं, "चांगलं रचून ठेव, वरून घट्ट झाक, वाऱ्यापान्याला फट ठेवू नको." आपल्याकडे हे बरोबरच आहे. आपलं लाकूड उन्हाळाभर अंगणात कडकडीत वाळलेलं असतं, मगच झाकतो. त्याचं लाकूड नुकतंच तोडलेलं, ओलं. त्यानं आईचं ऐकून ताडपत्रीनं चारी बाजू आवळून टाकल्या. थंडी पडल्यावर उघडलं तर बुरशी. शेगडी पेटेना, पेटली तर नुसता धूर, धुराड्याला डांबरासारखा काळा थर. तो हिवाळा दोघांनी कोट घालून घरात काढला. शेजारच्या म्हाताऱ्यानं मग दाखवलं, की फक्त डोक्यावर झाकायचं, बाजू उघड्या, आणि दोन उन्हाळे वारा खाऊ द्यायचा. दिलीप हसून हसून फोनवर सांगत होता, मध्येच खोकत होता. "आई, तुझ्या पद्धतीनं धुरी चांगली होते, डास गेले सगळे!" काकीही हसली.

दोनेक वर्षांनी तो एकदा यायचा, नेमका मे महिन्यात. आल्या आल्या मागच्या पडवीत बंब पेटवायला बसायचा, गरज नसताना. घामानं भिजलेला, आणि बंबात करवंट्या सारत मला शेगडीच्या गोष्टी सांगायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, ही एवढी फुकटची ऊब इथे पडलीय. परत का येत नाहीस?"

"आणि घराचं काय करू? अर्धं झालंय," तो म्हणाला. मग करवंटी बंबात टाकत, "सुमे, आई तिथे एक हिवाळा राहिली ना, की झालं माझं."

मला त्या घराचा राग यायचा. अजून येतो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यानं कळवलं, काम संपलं. आईची खोली शेगडीला लागूनच, रात्रभर ऊब राहते. काकीचा पासपोर्ट झाला, मार्चमधलं तिकीट ठरलं. मी तिला लोकरीचे मोजे आणून दिले, तिनं ते न बघताच कपाटात ठेवले. जानेवारीत तिकडे खूप बर्फ पडला. आईच्या खोलीवर भार नको म्हणून तो वर चढला होता, असं युकोनं नंतर सांगितलं.

मार्चमध्ये काकी गेली नाही, युको आली. अस्थी घेऊन. पांढऱ्या कापडात बांधलेलं भांडं तिनं विमानात मांडीवर धरलं होतं. समुद्रावर विसर्जन झालं, पिंडाला कावळा शिवला. परत निघायच्या दिवशी तिनं काकीचे हात धरले आणि माझ्यामार्फत विचारलं, "घर गरम आहे. तुमची खोली तशीच आहे. याल?" काकीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

युकोची रिक्षा वळणाआड गेली तशी काकी पायरीवर बसली. "तुम्हा सगळ्यांना वाटलं मी थंडीला भ्याले," ती म्हणाली. "थंडीचं काय गो. मला वाटलं, ते घर काय गरम व्हायचं नाय. कंटाळंल पोरगा, येईल परत. लाकडं ओली निघाली ना, तेव्हा देवळात नारळ फोडला मी. तो तिकडं खोकत होता नि मी नारळ फोडला..."

मला तिचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्याशेजारी बसून मी रडले. इतकी वर्षं तो तिला नेण्यासाठी घर गरम करत होता आणि ही त्याला आणण्यासाठी ते थंड राहावं म्हणून देवाला विनवत होती. दोघांनी एकमेकांना एकदा तरी सरळ सांगायचं होतं. पण दर रविवारी मीही ऐकतच होते की, मला तरी कुठे कळलं?

फोन अजून रविवारी येतो, आता युकोचा. काकी येऊन खुर्चीत बसते. दोघींना एकमेकींची भाषा नाही. नावं घेऊन होतात, "जेवलीस?" होतं, मग शब्द संपतात. गेल्या रविवारी युकोनं काय केलं, रिसीव्हर शेगडीजवळ नेऊन धरला. डोंगरात अजून गारठा आहे. काकीनं फोन कानाशी दाबून धरला आणि डोळे मिटले. मी जवळ गेले तर मलाही ऐकू आलं, लाकूड तडतडत होतं, एका लयीत, जोरात. मग काकी रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाली,

"केलं गो पोरानं घर गरम."