मिसळणाच्या डब्यातल्या अळ्या

"हलायचं नाही बाप्पा. आपण काहीच करायचं नाही."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की तुम्ही तिथे असता तर श्वास रोखून धरला असता. समोर काय, तर तळं. आणि तळ्याच्या तळाशी त्याने गळाला लावून सोडलेली अडीच इंचांची रबरी अळी. मी खरंच न हलता पाच मिनिटं बसले, की तो म्हणायचा, "शाब्बास, पुणेकर!"

तो नागपूरचा. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आमच्या ऑफिसात त्याचं टेबल माझ्या शेजारी होतं. दोघंही वर्क व्हिसावर, दोघंही ग्रीन कार्डाच्या एकाच रांगेत. ही रांग तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेलच. सरकार कधीच्या अर्जांपर्यंत पोचलं ती तारीख दर महिन्याला बघायची, ती सरकलेली नसते, मग चहा घ्यायचा. तो माझ्याआधी चार वर्षं रांगेत लागलेला, त्यामुळे स्वतःला सीनिअर समजायचा. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आधी कार्ड, मग कार्यालय."

मासेमारीचा नाद त्याला लागला तो लायसन्समुळे. "दहा मिनिटांत दिलं यार! फोटो नाही, फिंगरप्रिंट नाही. या देशात मला लगेच मिळालेली ही एकच परवानगी आहे."

बरं, गडी शुद्ध शाकाहारी. जिवंत गांडूळ गळाला लावायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा. म्हणून रबरी अळ्या. धरलेला मासा तो ओल्या हातानेच उचलायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो म्हणून. लगेच पाण्यात सोडायचा आणि "जा रे, तुझं क्लिअर झालं" असा निरोप द्यायचा.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर तळ्यावर गेले तेव्हा त्याने पिशवीतून स्टीलचा मिसळणाचा डबा काढला. मला वाटलं, इथे आता फोडणी देतो की काय! झाकण उघडलं तर मोहरी-जिऱ्याच्या सात वाट्यांमध्ये रबरी अळ्या. हिरव्या, काळ्या, चॉकलेटी.

"अरे, हा आईने दिलेला डबा ना? लाज नाही वाटत?"

"वास तं घे."

घेतला. बडीशेप! माशांना आवडते म्हणून त्या अळ्यांमध्ये बडीशेपेचा अर्क घालतात म्हणे. आईचा डबा वाया गेलेला नाही, हे त्याला यावरून सिद्ध करायचं होतं. मी कपाळावर हात मारला.

अळी निवडायला त्याला अर्धा तास लागायचा. काळसर हिरव्या अळीच्या रंगाला कंपनीने भोपळ्यावरून नाव दिलेलं, म्हणून ती 'भोपळा'. काळी-निळी ती 'जांभूळ'. पाणी नितळ असेल तर भोपळा, गढूळ असेल तर जांभूळ. पाणी गार असेल तर वळवळणारी शेपटी नको, साधी काडीसारखी अळी बरी, कारण थंडीत मासा आळशी होतो. अळी लावायची ती छोट्या शिशाच्या डोक्याच्या गळाला, म्हणजे डोकं तळाला टेकतं आणि अळी पाण्यात ताठ उभी राहते. मग काही करायचं नाही. "बाकीचे लोक दोरी ओढून ओढून मासे पळवतात. आपल्याला तं न हलायची प्रॅक्टिस आहे."

सकाळी साताला, म्हणजे तिकडे दुपारच्या चहाला, तो तळ्यावरूनच आईला फोन लावायचा. आई नागपुरात एकट्या राहायच्या.

"काय करून राहिला रे?"

"काही नाही. आज भोपळा लावला."

"तुला तं भोपळा आवडत नव्हता! तिथं खायला लागला का?"

तो माझ्याकडे बघून डोळा मारायचा आणि हो म्हणायचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "येतो कधी?" याचंही उत्तर ठरलेलं. "पुढच्या वर्षी."

सात पुढची वर्षं अशी गेली होती. त्याच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. इथे राहायला चालतं, पण एकदा बाहेर पडलं की परतताना नवा शिक्का लागतो, आणि तो मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. तिकडे अडकला की नोकरी गेली, रांगेतली इतकी वर्षं धोक्यात. मी त्याच्यावर सरळ चिडायचे. "अरे, आई आहे ती! जा ना एकदा!" तो दोरीकडे बघत बसायचा.

मग आई घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या मावशी बघत होत्या, बाई ठेवली होती, सगळं होतं. त्या शनिवारी फोन लावला तर आईंनी 'येतो कधी' विचारलंच नाही. उलट म्हणाल्या, "घाईनं येऊ नको बेटा. शिक्का नाही भेटला तं तुझं सारं जाईल. मी आहे ना इथंच."

फोन संपला. त्याची दोरी एकदा हलली, दोनदा हलली. मासा ओढत होता. मी ओरडले, "अरे, उचल!" त्याने उचललं नाही.

"आईपण म्हणते, हलू नको," तो म्हणाला. "मीच शिकवलं तिला. सात वर्षं फोनवर हेच सांगून राहिलो." आणि तो रडायला लागला. मोठा माणूस असा हमसून रडताना बघवत नाही हो. मी डब्याचं झाकण लावत बसले.

मंगळवारी तो नागपूरला गेला. जाताना डबा माझ्या हातात दिला. "उन्हात ठेवू नको, आणि वेगवेगळ्या अळ्या एका वाटीत टाकू नको. एकमेकीत विरघळून जातात."

नव्या शिक्क्याचे त्याचे कागद तपासणीत अडकले ते अजून तिथेच आहेत. ऑफिसने दोन महिने वाट पाहिली. आता त्याच्या टेबलावर दुसरा मुलगा बसतो. चांगला आहे बिचारा, पण मला पुणेकर कोणी म्हणत नाही.

मागच्या शनिवारी मी एकटीच तळ्यावर गेले. साताला फोन वाजला.

"कोणती लावली?"

"भोपळा."

मागून आईंचा आवाज आला, "कोण भोपळा खाते? ती पोरगी? तिला म्हण, इकडे ये, मी करून देते!" तो हसला. आईला धरून रोज अंगणापर्यंत चालवतो म्हणाला. कालपासून ती हात सोडायला सांगते म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा असा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

मग त्याने विचारलं, "तुझा शिक्का कधी संपला, पुणेकर?"

"तीन वर्षं झाली."

"आणि तिकडे पुण्यात आई-बाबा?"

"बरे आहेत. विचारतात, कधी येतेस."

"तू काय सांगते?"

त्याचंच ठरलेलं उत्तर. त्यालाही ते ठाऊक होतं.

"आता काय करून राहिली?"

"काही नाही," मी म्हणाले. "हललेले नाही अजिबात."

मी वाट पाहिली. तो शाब्बास म्हणाला नाही.