पौर्णिमेचा मुहूर्त

लग्नसमारंभाच्या आयोजनाची कामं मिळवायची तर हॉटेलवाल्यांच्या ओळखी हव्यात, म्हणून मी त्यांच्या बैठकीत कार्डं वाटत फिरलो. तिथे एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरांनी विचारलं, “पौर्णिमेला सकाळी अकराचा मुहूर्त आहे. देवबागच्या वाळूवर जमेल?” उधाणाची भरती त्या वेळी कुठवर येते, हे मला ठाऊक होतं. ओळख तुटेल या भीतीने मी हो म्हणालो.

लग्नादिवशी होडी घेऊन आलेला माझा चुलतभाऊ मांडलेल्या खुर्च्या बघून थबकला.

“रे, पुनवेक दर्या हयसर येता. सांगितलंस मां तेंका?”

“सांगितलंय,” मी खोटं बोललो.

“मगे सगळ्या व्हराडाक पोवूक येता वाटता!”

वऱ्हाड पोहताना डोळ्यांपुढे आणून तो हसला. पहिल्या रांगेत म्हातारी माणसं होती.

मंगलाष्टकं चालू असताना एका लाटेने नवऱ्याच्या आजोबांच्या चपला भिजवल्या. सगळे कौतुकाने हसले. पाणी त्यापुढे आलं नाही.

“खात्रीचा माणूस,” म्हणत मॅनेजरांनी माझा नंबर आणखी चौघांना दिला. माझा धंदा त्या शब्दावर उभा राहिला.

परवा त्यांचाच फोन आला. पुन्हा देवबाग, पुन्हा पौर्णिमा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.