बिराजदारची डिस्क

बिराजदार कुठल्याही नव्या खोलीत शिरला की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि मग दाराजवळचीच खुर्ची धरायचा. आमच्या लातूरच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर लॅब सांभाळायला आला, त्या पहिल्या दिवशीही त्यानं हेच केलं. मी म्हटलं, "अहो, नवं बांधकाम आहे. पक्की भिंत आहे."

"उभी हाय म्हणून पक्की म्हणू नका सर. आमची बी उभीच होती."

भूकंपात त्याचं घर गेलं होतं. घरात आई होती, धाकटी बहीण होती.

पण शक्कीपणात मीही काही कमी नाही. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय पातेलं आत न नेणारा माणूस मी. क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, आणि परीक्षांचं सगळं काम माझ्याकडेच होतं.

त्या वर्षी आमच्या संचालकांनी टूम काढली, सराव परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायची. उदगीर, देगलूर, धर्माबाद, कुठकुठली पोरं तेव्हा लातूरला येऊन खोल्या करून राहत होती. लॅबमधली साठ मशीनं मात्र जिथून मिळाली तिथून आणलेली, पाच-सहा कंपन्यांची. प्रत्येकात सगळं वेगवेगळं भरायचं तर महिना गेला असता. बिराजदार म्हणाला, एकच डिस्क अशी तयार करतो की तिची नक्कल कुठल्याही मशीनमध्ये चालली पाहिजे.

"असं होतं का हो कुठं?" मी विचारलं.

"भूकंपानंतर आम्हाला एका साच्याची घरं दिली सर. चूल कुठं, बैलं कुठं, कोणी काही इचारलंच न्हाई. बाप शेवटपर्यंत भायेर पत्र्यातच राहिला. मी तसं न्हाई करणार. डिस्कमधून जुन्या मशीनच्या समद्या खुणा पुसून टाकायच्या. नव्या मशीनमधी पहिल्यांदा चालू झाली की तिनं सोता बघावं, हितं काय काय हाय, अन् मग आपली चूल मांडावी. फकस्त नक्कल काढायच्या आधी तिला कोणी चालू करायचं न्हाई. केली की ती त्याच घरची होऊन बसती."

माणूस इतकं छान समजावून सांगतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. त्यात हा दर रविवारी डिस्कची एक नक्कल टॉवेलात गुंडाळून नांदेडच्या शाखेत जायचा. का, तर तिथली मशीनं आणखी वेगळी आहेत, तिथंही चालवून बघतो. अन् नेमकी तेव्हाच कुजबुज सुरू झाली, की आमचे सरावाचे पेपर नांदेडला आधीच फुटतात! संचालक मला म्हणाले, "तुमच्या बिराजदारवर जरा नजर ठेवा." मला तेवढंच हवं होतं.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी बिराजदार जेवायला गेला आणि मी त्याचा खण उघडला. आत डिस्क होती, वर बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी: 'चालू करू नये.'

झालं! तो काय म्हणाला होता ते मला आठवत नव्हतं असं नाही. पण पेपर लपवायचे असते तर त्यानं हेच सांगितलं नसतं का? मी डिस्क माझ्या केबिनमध्ये नेली, माझ्या मशीनला जोडली आणि चालू केली. पंधरा मिनिटं तिची काहीतरी खुडबुड चालली. मग उघडली. आत परीक्षेचं सॉफ्टवेअर होतं, बाकी काही नाही. एकही पेपर नाही. मी ती होती तशी खणात ठेवली, वर चिठ्ठीसुद्धा.

शनिवारी त्यानं तिच्या नकला साठही मशीनांत भरल्या. वीसेक चालल्या, बाकीच्या निळ्या पडद्यावर जाऊन थांबल्या. पुन्हा सगळं करायला दोन दिवस हवे होते आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. संचालक लॅबमध्ये सगळ्यांसमोर कडाडले, "जमत नव्हतं तर बोलायचं होतं! उद्यापासून येऊ नका." बिराजदारनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातली हजेरीची यादी वाचत राहिलो.

तो निघाला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मागोमाग बसस्टँडपर्यंत गेलो. म्हटलं, "बिराजदार, ती डिस्क... मी चालू केली होती."

"हाव. ठाव हाय."

"कसं काय?"

"तुमच्या केबिनच्या मशीनच्या डिस्प्ले कार्डाची खूण निघाली की तिच्यात. तसलं कार्ड समद्या इमारतीत एकच हाय."

मी चकित झालो, मग चिडलोच. "अहो, मग तिथंच का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगताल म्हून वाट बघून राहिलो होतो सर."

ते रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याच्या गावाकडची गाडी लागली, तो चढला. खिडकीतून हात वगैरे केला नाही, आणि का करावा?

मी तडक क्लासवर आलो. संचालकांच्या दारापर्यंत गेलो. आत ते फोनवर बोलत होते. मी पाच मिनिटं उभा राहिलो, आणि मग तासाची वेळ झाली म्हणून वर्गावर गेलो.