उलटं धरलेलं नाणं

आमच्या आत्याला संग्रहालयात सगळे भिंगआत्या म्हणतात. तळघरातल्या एका खोलीत बसून एकतीस वर्षं तिने रोमन काळातली काशाची नाणी ओळखली. नखाएवढं, झिजून गुळगुळीत झालेलं नाणं ती दिव्याखाली तिरपं धरायची. आधी चेहऱ्याचं नाक-हनुवटी, मग कडेची उरलीसुरली अक्षरं. ओळख पटलीच नाही तर चिठ्ठीवर सरळ 'ओळखता येत नाही' लिहून मोकळी. दुसऱ्याच्या चुकीला मात्र तिच्याकडे माफी नव्हती. "घाई केली की सम्राटाचा शिपाई होतो," असं ऐकवायची.

मी तिथेच फोटो काढते. तिच्या निवृत्तीला चार दिवस उरले असताना नव्या नोंदीसाठी आम्ही तिचा पहिला खण काढला. त्यातलं पहिलं नाणं तिचं लाडकं. पुढे सम्राटाचा चेहरा, मागे पूजेची वेदी. हे ओळखलं म्हणूनच तिला नोकरीत कायम केलं होतं. ती गोष्ट घरी इतक्यांदा झाली होती की माझा भाऊ ती तिच्याआधी संपवायचा.

पडद्यावर नाण्याची मागची बाजू आली तशी ती कडाडली.

"डोळे कुठे गहाण टाकलेस? फोटो उलटा लावलायस."

मी फिरवायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"थांब जरा."

उलट्या फोटोत वेदीचे दोन पाय वर गेले होते आणि ते चक्क बुरूज दिसत होते. खाली दगडांच्या रांगा, मधे दार. ती किल्ल्याची वेस होती. नाणं उलटलं की मागचं चित्र सरळच येईल असं नसतं. टांकसाळीत ते कधी चेहऱ्याच्या उलट दिशेने ठोकलेलं असायचं. हे मला तिनेच शंभरदा शिकवलं होतं.

मला तिची फार दया आली. म्हटलं, "आत्या, जाऊ दे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि वर साहेबांकडे गेली. मीही मागोमाग.

आमच्याकडे जुनी चिठ्ठी फेकत नाहीत. चूक कुणाची, कशी झाली, ते लिहून नवी चिठ्ठी तिच्यावर टाचतात. म्हणजे हे कायमचं राहणार. साहेब म्हणाले, "बाई, जाता जाता कशाला पायावर धोंडा पाडून घेता? पुढचा माणूस करील दुरुस्ती."

"पुढचा माणूस माझं अक्षर बघून विश्वास ठेवील, साहेब. तीच तर भीती आहे."

खाली येऊन तिने लिहिलं, 'किल्ल्याची वेस. आधी वेदी म्हटलं होतं. मी नाणं उलटं धरलं होतं.' खाली सही, तारीख.

चेहरा पडला असेल म्हणून मी चोरून पाहिलं. बाई खुशीत होती. एकतीस वर्षांनी त्या नाण्यात तिला काहीतरी नवं दिसलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"दुसरा खण काढ," म्हणाली, "बघू अजून काय काय उलटं धरलंय मी."