दिंद्रुडच्या शिवारातला तो रस्ता मला कोणी सांगितला?

मी डॉक्टर आहे, असल्या गोष्टींवर हसणारी. त्यामुळे हे लिहू की नको, यातच महिना गेला.

मूळची मी अलिबागची. दोन वर्षांपासून बीड जिल्ह्यात रुग्णवाहिकेवर आहे. इथली बोली अजून अर्धीच कळते, त्यात घाबरलेला माणूस फोनवर बोलला की पत्ता समजणं मुश्कील!

त्या दुपारी दिंद्रुडकडून कॉल आला – कापसात खुरपताना बाईला साप चावलाय. कळवणाऱ्यांनी दिलेला नंबर मी लावला. पलीकडे नुसतं रडणं... मग एक शांत, वयस्कर बाई बोलू लागली.

"टाकीपासून डावीकडं घ्या. म्होरं पूल खचलाय, वढ्यातून या. घाबरू नको, माय."

ती सांगत गेली, आमचे चालक शेषरावमामा गाडी वळवत गेले. शेवटी पळसाखाली माणसं दिसली. बाईच्या, सीताबाईंच्या, पापण्या मिटत होत्या, श्वास जेमतेम चालू होता. मी तोंडावर मास्क धरून, हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देत त्यांना दवाखान्यात नेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर त्या गेल्याच असत्या. वाचल्या.

दवाखान्यात त्यांची जाऊ सुमन भेटली. फोन तिनेच उचलला होता.

"तुमच्याजवळ त्या आजी कोण होत्या? रस्ता छान सांगितला."

"आजी? फोनवर बोलताना आमी दोघीच व्हतो, मॅडम, मानसं मागनं आली. मला तर बोलताच येईना... अन् मोबाईल लगेच बंद पडला."

मी माझा फोन पाहिला. कॉल अकरा सेकंदांचा!

बाहेर येऊन मामांना विचारलं, "तुम्ही ऐकलात ना तो आवाज?"

मामा म्हणाले, "कोनता आवाज? रस्ता तर तुमीच सांगायलत्या की! मला वाटलं, मॅडम आमच्यावानी कधी बोलायला शिकल्या..."

त्या शिवारात मी आधी कधीच गेले नव्हते. मामाही नाही.

शेवटी मी एका समुपदेशकांना भेटले. ते म्हणाले, ताणाखाली मन असे खेळ करतं. पटलंही मला. पण खचलेला पूल माझ्या मनाला कसा ठाऊक?

आता कॉल आला की मी फोन स्पीकरवर ठेवते आणि आधी मामांना विचारते, "तुम्हालाही ऐकू येतंय ना?"

ते हो म्हणाले, की मगच पुढे बोलते.