भांडणाचा धडा सगळ्यात वर

फुकट मिळणाऱ्या वस्तूंची मला शिसारी आहे, आणि त्यातली सगळ्यात ओंगळ वस्तू म्हणजे ब्लॉग. बाजारातल्या मुतारीत जायलासुद्धा दारावरच्या माणसाला तोंड दाखवावं लागतं. ब्लॉगला तेवढंही नाही. मोबाईल नंबर टाकला की झालात लेखक. मीही झालो.

सजावट फुकट मिळाली ती बर्फाच्या डोंगराची, पुढं कॉफीचा कप. मी भोरात राहणारा, खिडकीतून रोहिडा किल्ला बघणारा निवृत्त मराठी मास्तर, आणि माझ्या धड्यांच्या डोक्यावर कुठल्या तरी परक्या मुलखातलं बर्फ! धड्याच्या बुडाला पोट कमी करण्याची जाहिरात. प्रतिक्रिया आल्या त्या गुलाबाच्या आणि शुभ सकाळच्या. एकानं ‘बोअरवेल मारून मिळेल’ असंही कळवलं. गुलाबांचा इतका ढीग साचला की मोबाईल उघडला की घरभर वास सुटायचा आणि आमच्या मंडळींना शिंका यायच्या.

एवढी घाण मी उपसली ती आक्कापायी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वेल्ह्याकडच्या एका डोंगरगावात दिलेली. तिला दमा. गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नसत. खुर्ची गरम व्हायच्या आत माणूस बदलीचा अर्ज घेऊन कापूरहोळला हायवेवर उभा. आणि डॉक्टर नसला की आक्काला दोन गाड्या बदलून भोरला यावं लागे. एस.टी.तून उतरेपर्यंत तिचा निम्मा जीव वाटेतच सांडलेला असायचा.

नवीन आलेली डॉक्टरीण तमिळनाडूची, पुण्यात शिकलेली. हिंदीमुळं आपली अक्षरं वाचायची, पण बोलणं शून्य.

“म्या छातीवर हात ठिवून दमा सांगितला, तर पोरीनं पोट दाबून बघितलं,” आक्का फोनवर म्हणाली. “ही बी जाणार बघ. बोलायलाच कोण न्हाई तिला. तू येवढी वर्षं पोरं बडवलीस, ह्या एका पोरीला शिकीव की!”

म्हणून ब्लॉग, आणि त्याचा पत्ता आक्काच्या सुनेकरवी डॉक्टरणीच्या मोबाईलवर. धडे मी शिस्तीत लिहिले. पहिला धडा नमस्कार आणि ओळख, मग घर, मग बाजार, आणि सगळ्यात शेवटी भांडण. भांडणाचा मालमसाला बाहेरून आणावा लागला नाही. आक्का लहानपणापासून मला जे बोलत आली ते जसंच्या तसं उतरवलं. इथवर पोचायला डॉक्टरणीला वर्ष लागेल, असा माझा हिशेब होता.

महिनाभरात आक्काचा फोन आला. “आरं, काय शिकीवलंस तिला?”

“का गं?”

“काल औषध न घेता गेले. तर समद्या लोकांम्होरं वराडली, ‘आता गं बया! झोपा काढत हुतीस का? मरायचं आसंल तर घरी जाऊन मर, हितं जागा न्हाई!’”

मला घाम फुटला. त्या घामात बर्फाचा डोंगर वितळला असता.

“मग?” मी कसंबसं विचारलं.

“मग काय! लई ग्वाड पोर हाय. सख्खी वाटती. औषध घेतलं म्या निमूट.”

केंद्रावर म्हणे रांग लागली होती. ज्याला काही झालेलं नाही तोही शिव्या खायला येत होता. पलीकडच्या खोऱ्यातून एक टेम्पो भरून माणसं आली, आणि डॉक्टरीण ज्याला नुसतं हसून सोडायची तो हिरमुसून परत जायचा. तिला कुणी अंडी आणून द्यायचं, कुणी चहाला ओढून न्यायचं.

कारण शोधलं तेव्हा फुकट्या ब्लॉगचा खरा वंगाळपणा कळला. तिथं शेवटी लिहिलेलं सगळ्यात वर बसतं. केंद्रावर रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर उभं राहिलं तर, आणि तीही एवढी की पान वरून थोडं उघडतं आणि मरतं. डॉक्टरीण रोज टाकीवर चढून वरचाच धडा घोकत होती. भांडणाचा.

मास्तराचं रक्त उसळलं. पायाआधी कळस? मी ब्लॉग आवरायला बसलो. प्रत्येक धड्याची तारीख बदलली, पहिल्याला आजची, शेवटच्याला सगळ्यात जुनी. वर्गवारी लावली, गुलाब उपटले, बोअरवेलवाल्याला हाकलला. बोटं इतकी झिजली की अंगठा लावून पेन्शन घ्यायची वेळ आली असती.

“झालं का उलट्याचं सुलट?” मंडळींनी विचारलं.

“बघ, आरशासारखा लख्ख!”

“आरशात उलटंच दिसतं, अहो,” असं म्हणून त्या आत गेल्या. त्यांच्या या सवयीचाही मला वीट आहे.

पुढचा फोन आक्काच्या सुनेचा होता. आक्कानं औषध सोडलं होतं, केंद्रावर जायचं नाव घेत नव्हती. मी पहिल्या गाडीनं निघालो. आक्का भिंतीला टेकून धापा टाकत होती.

“माजं काय खरं न्हाई बघ,” ती म्हणाली. “डाक्टरीण लई गोड बोलाया लागली. ‘नमस्कार, आपण कशा आहात, कृपया बसावे.’ कुणाला बोलत्यात आसं? ज्याचं सरलंय त्याला. न्हाईतर आमच्यावर रुसली आसंल.”

निम्म्या गावाचं हेच मत होतं. काहींनी तर जमिनीची वाटणीसुद्धा करून टाकली होती.

आक्काला धरून केंद्रावर नेलं. बाकडी ओस. एकटी डॉक्टरीण टेबलाशी बसलेली, समोर बदलीचा अर्ज. “ह्यो माजा भाऊ, तुजा मास्तर,” आक्कानं धापा टाकत सांगितलं.

“नमस्कार सर. कृपया बसावे,” ती म्हणाली. माझाच पहिला धडा. तोही तिच्या तोंडून. शिळ्या साबुदाण्यासारखं गिळगिळीत मराठी, आणि ते मी लिहिलेलं!

“सर, लोक का येत नाही?” तिनं विचारलं. “नवा धडा वाचला. मोठ्या माणसांशी आवाज चढवू नये. मला खूप लाज वाटली. मी सगळ्यांना ओरडले. सर, म्हणून तुम्ही धडा बदलला ना?”

मी तडक बाहेर आलो आणि या वयात त्या टाकीवर चढलो. मोबाईलवर भांडणाच्या धड्याची तारीख बदलून आजची केली. रेंज येत होती, जात होती. फिरणारं ते गोल चक्र बघता बघता मला माझ्या उरलेल्या केसांचाही तिटकारा आला. शेवटी धडा वर चढला.

खाली येऊन म्हणालो, “डॉक्टर, मी ब्लॉग आवरायला गेलो आणि घाण केली. तुमचं बरोबर होतं. या बाईनं दहा दिवस औषध घेतलेलं नाही. ओरडा.”

डॉक्टरीण आक्काकडं बघत राहिली. आक्काच्या छातीतली घरघर खोलीभर ऐकू येत होती. मग खुर्ची मागं सरकली.

“आता गं बया!” डॉक्टरणीचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी होतं. “झोपा काढत हुतीस का?”

आक्का ताठ बसली. खोकता खोकता हसली. “आली बाई माजी पोर ठिकाणावर,” म्हणाली, आणि डॉक्टरणीनं एका हातानं तोंडाला लावलेला औषधाच्या वाफेचा मुखवटा गपगुमान धरून राहिली. डॉक्टरणीनं दुसऱ्या हातानं तो अर्ज चुरगळून टोपलीत टाकला.

आता ब्लॉग पुन्हा कळसाकडून पायाकडं वाहतो, वर बर्फाचा डोंगर, खाली पोटाची जाहिरात. गुलाबही परत आले. मध्येच एखादा टापटिपीचा गृहस्थ लिहितो, ‘सर, आपल्या धड्यांचा क्रम चुकला आहे, कृपया सुधारावा.’ या कृपयावाल्यांची मला सगळ्यात जास्त किळस येते. त्यांना मी वरचाच धडा वाचायला सांगतो.